पार्सलबाबू आणि देवकामावशीचं कार्ड

टीव्ही आमच्या घरी आला तो बाबांच्या सायकलीच्या कॅरिअरवर, गोणपाटात गुंडाळून, मायच्या जुन्या लुगड्याच्या काठांनी आवळून. बाबा गोंदियाच्या एका राइस मिलमध्ये हमाल होते. मिलच्या सेठनं घरी रंगीत टीव्ही आणला आणि जुना काळा-पांढरा बाबांना देऊन टाकला. बाबा गोंदियापासून आमच्या मुर्री गावापर्यंत सायकलवर बसलेच नाहीत. एक हात हँडलवर, दुसरा टीव्हीवर, असे चालत आले आणि वाटेत जो भेटला त्याला थांबून सांगत आले, "सेठनं देला. चालू हाये." माय दारात उभी होती. तिनं टीव्ही पाहिला, बाबांच्या पाठीवरचा भुसा झटकला आणि म्हणाली, "याले ठेवाचं कुठी? घरात आपणच मावत नाही." खरंच होतं ते. शेवटी टीव्ही समोरच्या खोलीच्या खिडकीत बसवला, तोंड अंगणाकडे करून. त्यामुळे तो आमच्या घरचा असा कधी झालाच नाही. तो अंगणाचा झाला.

आणि अंगण होतं बिडी वळणाऱ्या बायांचं. आमच्या आळीतल्या सात-आठ जणी सकाळचं रांधून झालं की आपापलं सूप घेऊन आमच्याकडे यायच्या, कारण आमच्या अंगणात कडुनिंबाची सावली होती आणि माय कुणाला नाही म्हणत नसे. सुपात एका बाजूला भिजवून कापलेली तेंदूची पानं, दुसऱ्या बाजूला जर्दा, मांडीखाली दोऱ्याचं रीळ. पान उचलायचं, चिमूटभर जर्दा पसरायचा, वळायचं, तोंड नखानं मुडपायचं, दोरा फिरवून तोडायचा. पंचवीस झाल्या की एक कट्टा. तोडलेल्या दोऱ्याचा तो बारीक 'टक्' आवाज दिवसभर अंगणात चालू असायचा. मधून मिलचा भोंगा आणि रेल्वेची शिटी. घरातल्या प्रत्येक वस्तूला तंबाखूचा वास होता. भाताला होता, पांघरुणाला होता, माझ्या वह्यांना होता. हा वास आहे हे मला हायस्कूलला गेल्यावर कळलं. बाकावरची मुलगी नाकाला रुमाल लावून सरकून बसली, तेव्हा.

मी नववी-दहावीत असेन. शाळेतून आले की मायच्या शेजारी बसून कट्टे बांधायचे. मला बिडी चांगली वळता येत नसे आणि मायला ती मला येऊ द्यायचीच नव्हती. "तुया हातात हे बसलं का मंग निघत नाही," म्हणायची. पण बघून बघून मला एक गोष्ट येत होती. कुठली बिडी कुणाच्या हातची, हे मी न चुकता सांगू शकायचे. मायची बिडी बुडाशी निमुळती, तोंड जरा उघडं. आळीच्या टोकाला राहणाऱ्या म्हातारीची सैल. आणि सगुणामावशीची तर आंधळ्यालाही कळावी, कारण ती डावखुरी होती. बाकी सगळ्यांच्या बिडीवर पानाची शीर उजवीकडे चढत जायची, तिच्या बिडीवर डावीकडे. कारखान्याचा मुनशी बिडी दाबून बघायचा, लांबी बघायचा, सैल असेल तर मोडून छाटात, म्हणजे रद्द मालात, टाकायचा. शीर कुठे फिरते याच्याशी त्याला घेणं नव्हतं. ते आमच्या अंगणातल्यांनाच माहीत.

सगुणामावशी म्हणजे आळीचा लाउडस्पीकर. तिचा हात सगळ्यांत चालू आणि तोंड त्याहून. देवकामावशी तिच्या उलट. विधवा बाई, आवाज असा की समोर बसून ऐकावा लागे. तिची मुलगी लता माझ्या वर्गात होती, माझ्याहून हुशार. हे मी आज सहज लिहिते, पण तेव्हा मला ते सोसत नसे. गणिताचा पेपर वाटताना गुरुजी आधी तिचं नाव घेत आणि मग माझं. देवकामावशी टीव्हीच्या अगदी जवळ, खिडकीखाली बसायची. मान किंचित तिरपी, सूप पुढ्यात, हात हळूहळू चालू. मला वाटायचं, हिला टीव्हीचा फार शौक.

दर रविवारी सकाळी दूरदर्शनवर ती मालिका लागायची. तिचं खरं नाव आमच्यापैकी कुणीच कधी घेतलं नाही. आम्ही तिला 'पार्सलबाबू' म्हणत होतो, कारण त्यातला जासूस रेल्वेच्या पार्सल ऑफिसातून रिटायर झालेला एक बाबू होता. वाकलेला, स्वेटरवाला, पायात कॅनव्हासचे बूट. कुठे खून झाला, कुणाचे दागिने गेले, की घरचं कुणीतरी त्याला बोलावून न्यायचं. आता जासूस म्हटला की त्यानं भिंग काढावं, पावलांचे ठसे बघावेत. हा तसलं काही करत नसे. हा त्या घरात जाऊन बसायचा आणि काम मागायचा. मटार सोलायचा, तांदूळ निवडायचा, बंद पडलेलं घड्याळ खोलून बसायचा. प्रश्न एकही विचारायचा नाही. तासाभरानं घरच्या लोकांना तो तिथे आहे हेच आठवत नसे, आणि ते त्याच्यासमोर आपसांत बोलत, रुसत, रडत. त्यातूनच त्याला सगळं कळायचं. शेवटी पोलिसांचा साहेब त्याला विचारायचा, "पता चला?" तो म्हणायचा, "चला." आणि बूट घालून निघून जायचा. कधी साहेबाला नाव सांगायचा, कधी नाही. सांगितलं तरी आपल्याला ऐकू येत नसे. लांबून दोघं दिसायचे, वर रेल्वेचा आवाज, आणि संपलं.

अंगणात नुसता भडका उडायचा. "अरे पण कोन होता बाप्पा?" सगुणामावशी टीव्हीवर ओरडायची. "भावजय होती का मोठा पोरगा होता? सांगत काऊन नाही हा मुडदा?" कुणी म्हणायचं भावजय, कुणी म्हणायचं नोकर. एक जण तर दर वेळी जो मेला त्यानंच केलं असं म्हणायची आणि सगळ्या तिच्यावर हसायच्या. बाबांना तो माणूस मुळीच पटत नव्हता. ते आंघोळ करून, डोक्याला तेल लावून, दारात उभे राहून बघायचे आणि शेवटी माझ्याकडे बोट करून म्हणायचे, "चोर पकडत नाही त जासूस कायचा? मटार सोलाले त आमची सुमनबी बसते." वाद दुपारच्या जेवणापर्यंत चालायचा. माय लाखोळीच्या डाळीचं वरण आणि भात करायची, दिवस थंडीचे असले तर वालासारख्या पोपटाच्या शेंगांची भाजी, आणि ज्या घरी गेल्या नाहीत त्यांच्यापुढेही ताटल्या यायच्या. जेवतानाही खुनी शोधणं चालूच. फक्त देवकामावशी कधी कुणाचं नाव घेत नसे. एकदा सगुणामावशीनं तिला टोकलं, "तू बोल ना व, तुले कोन वाटते?" देवकामावशी म्हणाली, "वाटते मले एक. पन त्या घरात लहान लेकरं हायेत ना, म्हणून नसन सांगत तो." मग सगुणामावशी म्हणाली, "घ्या. हे पार्सलबाबूची बहीण निघाली," आणि पुन्हा हसाहस.

माझ्या सुनेच्या मोबाइलवर आज असल्या मालिकांचे आठ-आठ भाग एका बैठकीत बघून होतात. परवाच एक तशीच वेगळ्या तऱ्हेची मालिका संपली. तिच्या शेवटावरून सुनेच्या मैत्रिणींच्या ग्रुपवर दोन दिवस भांडण चाललं होतं. असा कुठे शेवट असतो का, आम्हाला फसवलं, वगैरे. मी तिला म्हटलं, आम्हीही असंच भांडलो होतो, आणि आम्ही तर पत्र लिहिलं होतं.

पत्र मी लिहिलं. अंगणात नीट हिंदी लिहिणाऱ्या दोघीच होतो, मी आणि लता, आणि मी लताला विचारलं नाही. पोस्टकार्डावर सगुणामावशी सांगत गेली आणि मी लिहीत गेले. 'महोदय, आपका जासूस सब जानता है फिर भी हमें नहीं बताता. यह दर्शकों के साथ अन्याय है. कृपया अपराधी का नाम सबके सामने बताया जाए.' खाली सगळ्यांची नावं. 'अन्याय' हा शब्द माझा होता. तो लिहिताना मला फार बरं वाटलं होतं. देवकामावशीचं नाव लिहायला गेले तर ती म्हणाली, "मायं नाव नोको टाकू, बाई." मी टाकलं नाही.

पत्राला उत्तर आलं नाही. पण आमच्यासारखी पत्रं देशभरातून गेली असावीत, कारण महिना-दोन महिन्यांत पार्सलबाबू बदलला. अंगावरचा स्वेटर गेला, कोट आला. मटार सोलणं कमी झालं. आणि शेवटी तो घरच्या सगळ्यांना एका खोलीत उभं करायचा, हळूहळू फिरायचा, मागे धाडकन संगीत वाजायचं, आणि तो बोट दाखवून म्हणायचा, "खूनी आप हैं!" पहिल्यांदा असं झालं तेव्हा आमच्या अंगणात टाळ्या पडल्या. सगुणामावशीनं मला मिठीत घेतलं, "पोरीनं देल्लीले हालवलं व!" मला खरंच वाटलं की मी हलवलं. देवकामावशीनं तेवढं विचारलं, "आता याले कोन घरात घेईन?" कुणी लक्ष दिलं नाही.

त्याच सुमारास सगुणामावशीचे कट्टे कमी पडायला लागले. कारखान्यातून मोजून पानं आणि जर्दा मिळायचा, आणि त्याच्या तेवढ्या बिड्या परत द्यायच्या असत. सगळ्यांत चालू हाताच्या बाईचा माल दोन आठवडे लागोपाठ कमी भरला. मी टोपली घेऊन मायबरोबर गेले होते, तेव्हा मुनशी रांगेसमोर सगुणामावशीला म्हणाला, "क्या सगुणाबाई, जर्दा घरमें खाके बैठती क्या? अगली बार ऐसा हुआ तो देख लेना." रांगेतल्या बाया खो-खो हसल्या. मायही हसली. मला ते हसणं झोंबलं. माझा सगुणामावशीवर फार जीव होता. एवढी मोठ्या तोंडाची बाई, पण त्या दिवशी खाली मान घालून उभी राहिली. परतताना मी तिला म्हटलं, "मावशी, कोनी चोरून राहिलं तुया सुपातून." ती म्हणाली, "जाऊ दे व. होते कधी कधी." ती हे जरा घाईनंच म्हणाली होती. पार्सलबाबूनं, म्हणजे आधीच्या पार्सलबाबूनं, तेवढ्यावरून ओळखलं असतं. मी ओळखलं नाही. मी शोध लावायचं ठरवलं.

शोध लागायला आठ दिवसही लागले नाहीत. पुढच्या फेरीला माय तापानं पडली होती, म्हणून तिचा माल घेऊन मी एकटीच कारखान्यात गेले. कारखाना म्हणजे गावाच्या कडेचं पत्र्याचं एक लांब शेड. समोर रांग, टेबलामागे मुनशी. माझ्यापुढे देवकामावशी होती, तिच्या सोबत लता. देवकामावशीनं टोपली टेबलावर ठेवली आणि वरचं फडकं काढलं. मी मागून बघितलं. एकेका कट्ट्यात पंचवीसच्या पंचवीस बिड्यांवर शीर डावीकडे चढत गेलेली.

त्या क्षणी मला काय झालं हे मी आज चाळीस वर्षांनी प्रामाणिकपणे सांगू शकते. मला आनंद झाला. सगुणामावशीसाठी राग आला तो नंतर. आधी आनंद झाला की मला कळलं, आणि लता शेजारी उभी असून तिला कळलं नाही, असं मला वाटलं. मी मोठ्यानं म्हणाले, सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं, "ह्या बिड्या देवकामावशीच्या नाहीत. ह्या सगुणामावशीच्या हायेत. पाहा, शीर उलटी हाये." आणि मी बोट दाखवलं.

मला वाटलं होतं, गलका होईल. मागे कुणीतरी टोपली खाली ठेवली, तेवढाच आवाज ऐकू आला. मुनशीनं एक बिडी उचलली, मग दुसऱ्या एका बाईच्या कट्ट्यातली उचलली, दोन्ही शेजारी धरून बघितल्या. मग त्यानं मागच्या पोत्यातून एक पान घेतलं, जर्द्याची चिमूट ठेवली आणि देवकामावशीपुढे सरकवलं. "बाई, एक बनाके दिखाओ." देवकामावशीनं टेबलावर हात फिरवला. पान तिच्या हातापासून वीतभर लांब होतं. तिचा हात त्याच्या अलीकडून गेला, पलीकडून गेला, मग लतानं ते पान उचलून तिच्या बोटांत दिलं. तेव्हा मला दिसलं. रांगेतल्या सगळ्या बायांना आधीपासून माहीत होतं ते मला तेव्हा दिसलं. तिनं वळायचा प्रयत्न केला. जर्दा सांडला. पान फाटलं.

मुनशी वाईट माणूस नव्हता. तो ओरडला नाही. तो म्हणाला, "आँख नहीं है तो पहले बोलना था ना, बाई. कार्ड जिसका, हाथ उसका. ऊपरसे साहब लोग चेक करते तो मेरी नौकरी जाती." आणि देवकामावशीचं कार्ड त्यानं टेबलाच्या खणात टाकलं. कार्ड नाही म्हणजे पान नाही, जर्दा नाही, काम नाही. बिडी कामगाराच्या मुलीला शाळेत जी शिष्यवृत्ती मिळायची, तीही त्या कार्डावरच होती. रांगेत सगुणामावशी होती. ती पुढे आली, टोपली उचलून देवकामावशीच्या हातात दिली, तिचा दंड धरला आणि तिघी माझ्याजवळून गेल्या. मला वाटलं, सगुणामावशी मला काहीतरी बोलेल. त्या तोंडाळ बाईनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

घरी येऊन मी मायला सांगितलं. ती तापात होती, तरी उठून बसली. मग तिनं सांगितलं. दोन वर्षं झाली होती देवकामावशीचे डोळे जाऊन. डॉक्टरनं सांगितलं होतं की आता परत येत नाहीत. लता शिकत होती. तेव्हा बायांनी ठरवलं की देवकाचं कार्ड चालू ठेवायचं. वेगवेगळ्या हातच्या बिड्या एका कट्ट्यात दिसल्या असत्या तर मुनशीच्या लगेच ध्यानात आलं असतं. म्हणून तिच्या कार्डावर एकच हात ठेवला, सगळ्यांत चालू हाताचा. आणि सगुणामावशीचं जे कमी पडेल ते बाकीच्या सगळ्या आपल्या सुपातून थोडं थोडं भरून देत होत्या; तिच्या स्वतःच्या बिड्यांत ते खपून जायचं. हे सगळं व्हायचं रविवारी, आमच्या अंगणात, टीव्ही चालू असताना. तेव्हा आळीतलं कुणीही डोकावलं तरी त्याची नजर खिडकीकडे असायची, आणि बायांच्या सुपांतून बिड्या इकडच्या तिकडे जायच्या. गेल्या दोन-तीन आठवड्यांत दोघी जणी लग्नाला गावी गेल्या होत्या, म्हणून सगुणामावशीची भर पुरी पडली नव्हती. मुनशीसमोर बाया हसल्या त्या, त्यानं ते हसण्यावारी न्यावं म्हणून.

"तू मले काऊन नाही सांगितलं?" मी रडत विचारलं.

"सांगाले कायले पायजे होतं?" माय म्हणाली. "तू त्याच अंगणात बसत होती ना?"

एवढंच बोलली. मारलं असतं तर मला बरं वाटलं असतं. बाबा संध्याकाळी मिलमधून आले, त्यांना वाटेतच कळलं होतं. त्यांनी टीव्ही खिडकीतून उचलला, आतल्या खोलीत नेला आणि भिंतीकडे तोंड करून ठेवला. कितीतरी रविवार बाया आमच्याकडे आल्या नाहीत. दोऱ्याचा आवाज नसलेलं अंगण मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं.

त्या प्रकारानंतर चौथ्या-पाचव्या दिवशी मायनं कोचईच्या, म्हणजे अळूच्या, पानांच्या वड्या केल्या, वाटीत घातल्या आणि मला म्हणाली, "देऊन ये." कुणाला ते सांगितलं नाही. देवकामावशी दारात बसून तांदूळ निवडत होती. बोटांनी. प्रत्येक खडा अंगठ्याखाली ओळखून बाजूला टाकत होती. मी उभी राहिले तर म्हणाली, "सुमन होय ना? बस." मी बसले. मी काय काय पाठ करून गेले होते. त्यातलं एकही वाक्य निघालं नाही, नुसतं रडणं निघालं. ती थांबली नाही, तांदूळ निवडत राहिली. मग म्हणाली, "तू खोटं बोलली असती ना पोरी, त मी तुयाशी भांडली असती. तू खरंच बोलली. आता मी काय करू सांग." त्यात टोमणा नव्हता. तिला खरंच कळत नव्हतं, माझं काय करायचं. मलाही कळत नव्हतं. तिनं एक वडी खाल्ली, बाकीच्या लतासाठी झाकून ठेवल्या आणि वाटी धुऊन दिली.

लता दहावीला बसली, कारण फी आधीच भरलेली होती. तिला माझ्यापेक्षा जास्त मार्क पडले. त्यानंतर तिनं स्वतःच्या नावानं कार्ड काढलं. मी गोंदियाला अकरावी, बारावी आणि मग कॉलेज केलं. आमच्या सात पिढ्यांत पदवी घेतलेली पहिली मीच, बाईमाणसात आणि बापयांतही. त्याचा मला अभिमान आहे, आणि तो मी लपवत नाही. तीस वर्षं मी शाळेत शिकवलं. माझ्या बापानं पोती वाहिली, मायनं फुफ्फुसं खराब करून घेतली, तेव्हा कुठे तो कागद मिळाला. तो कागद मी कमी लेखणार नाही. पण तो कसा मिळाला हे सांगताना निम्मंच सांगून चालणार नाही, म्हणून हे प्रकरण.

कॉलेजची वाट आणि कारखान्याची वाट बरीच दूरपर्यंत एकच होती. सकाळी मी वह्या घेऊन निघायचे, लता टोपली डोक्यावर घेऊन. पहिले काही महिने ती माझ्यापुढे पन्नास पावलं चालायची आणि मी मुद्दाम हळू चालायचे. मग एक दिवस ती थांबली. मी जवळ गेले तर सरळ विचारलं, "कालेजात काय शिकवून राहिले व आता?" आदल्या दिवशी अर्थशास्त्राचा तास झाला होता, मागणी-पुरवठ्याचा. मी सांगितला. ती म्हणाली, "हे नाही समजलं. भाव वाढला का लोक घेत नाहीत म्हणतेस. मंग बिडी काऊन घेतात?" मी कॉलेजात जाऊन सरांना विचारलं आणि दुसऱ्या दिवशी वाटेत तिला सांगितलं. त्यानंतर तीन वर्षं असंच चाललं. इतिहास, मराठी, राज्यशास्त्र, सगळं मी आमच्या वाटा वेगळ्या व्हायच्या त्या फाट्यापर्यंत तिला सांगायचे. ती असं काही विचारायची की मला परत पुस्तक उघडावं लागायचं. मी पास होत गेले ते बरंचसं त्यामुळे. देवकामावशीबद्दल, कार्डाबद्दल, त्या दिवसाबद्दल ती कधी एक शब्द बोलली नाही. बाकी सगळं बोलायची. हसायचीसुद्धा.

बी. ए.चा निकाल लागला त्या दिवशी मी पेढे घेऊन सकाळीच फाट्यावर उभी राहिले. ती आली, टोपली खाली ठेवली, पेढा खाल्ला, दुसरा मागून घेतला. "सेकंड क्लास?" म्हणाली. "मले वाटलंच होतं. राज्यशास्त्रात तू कच्चीच होती." मीही हसले. मग मी म्हणाले, "लता, मले तुले एक सांगाचं होतं. त्या दिवशी कारखान्यात मी..."

"सांगू नोको," ती म्हणाली. रागानं नाही. टोपलीवरचं फडकं नीट करत म्हणाली. "तू सांगशील त मंग मले माफ करा लागन."

तिनं टोपली डोक्यावर घेतली. मी हात लावायला गेले, पण तिनं ती एकटीनंच उचलली आणि कारखान्याच्या वाटेला लागली.